मारीबायचा अबोला

देवाने माझ्या बहिणीला फसवलं. आगाऊ घेतलं आणि माल दिला नाही. आमच्या धंद्यात अशा इसमाला पुन्हा कोणी ओटीवर बसू देत नाही. मारीबायने मात्र त्याला मरेपर्यंत घरात ठेवलं, रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसली, आणि त्याच्याशी अबोला धरला. तिच्या माघारी लोक तिला भाविक म्हणतात, काही जण हट्टी म्हणतात. मी तिचा धाकटा भाऊ. मला वाटतं, दोन्ही म्हणणारे तिला ओळखत नव्हते.

ती गेली त्या सकाळी मी तळेऱ्याच्या नाक्यावर होतो. घाटावरच्या एका व्यापाऱ्याशी खाऱ्या बांगड्यांवरून जुंपली होती आणि मी त्याच्या सात पिढ्यांपर्यंत पोचलो होतो. तेवढ्यात मालवणची एस.टी. थांबली आणि ओळखीच्या कंडक्टरने पायरीवरूनच हाक मारली, "इनास, घराक चल रे. बाय गेली तुजी." व्यापारी चांगला माणूस असावा. खालच्या आवाजात म्हणाला, "तुम्ही म्हणता तो भाव धरा." मी त्याच्या अंगावर ओरडलो, "मेलेल्या बहिणीच्या नावावर भाव नको मला!" आणि माल तिथेच टाकून गाडीत चढलो. सगळ्या वाटेने मला एकच वाटत होतं... हा सौदा मारीबायला सांगितला असता तर ती म्हणाली असती, "गाढवा, माल तरी कोणाच्या तरी ताब्यात दिवन येवचो!"

आईबाप लवकर गेले. तारकर्लीच्या वाटेवर आमची ख्रिस्तांवांची लहानशी वाडी. तिथे मारीबायने मला वाढवलं. डोक्यावर टोपली घेऊन मासे विकायला तिनेच शिकवलं, आणि भाव करायलाही. पुढे मी व्यापारी झालो, तिने खारवलेले बांगडे मीच घ्यायचो, तेव्हा ती माझ्याशीही अशी घासाघीस करी की शेजारणी दारात येऊन उभ्या राहत. मी चिडलो की म्हणायची, "खाऱ्या बांगड्यासारखे डोळे काय वटारतस? परवडणा नाय तर उठ. माका दुसरे भाव आसत." आमच्या बोलीत भाऊही भावच, आणि दुसरा भाऊ तिला नव्हता. पण दुसरा व्यापारी तिने खरंच गाठून ठेवलेला असे.

तिचं लग्न जुझेशी झालं. जुझे मचव्यावर खलाशी, उंच, हसरा. आमच्या घराचं दार ठेंगणं. आत येताना दर वेळी त्याचं डोकं वरच्या लाकडाला आपटायचं आणि दर वेळी तो त्या लाकडाला शिवी द्यायचा. त्याच्या केसांना लावलेल्या खोबरेलाचा एक काळपट डाग त्या लाकडावर पडला होता. मारीबाय म्हणायची, "घोव घराक इलो काय ता बगूक नको. आधी टाळक्याचो आवाज येता, मगे तो येता."

एकोणीसशे पन्नास साल उलटून गेल्यानंतरची गोष्ट. दिवाळी झाल्यावर, समुद्र शांत असायच्या दिवसांत, अचानक वादळ उठलं. जुझेचा मचवा कौलं भरून मुंबईला गेला होता आणि परतीच्या वाटेवर होता. आमच्यात एक रीत आहे. घरातलं माणूस संकटात असलं की त्याच्या उंचीचा दोरा मोजायचा, त्याची वात करून तेवढ्या उंचीची मेणबत्ती ओतवून घ्यायची आणि इगर्जीत, म्हणजे आमच्या देवळात, लावायची. पण ती लावायची माणूस सुटल्यावर. आधी काम, मग मेणबत्ती. जुझे तर समुद्रात, मोजायचा कुणाला? मारीबायने दोरा त्या डागाला धरला आणि खाली उंबऱ्यापर्यंत सोडला. दुसऱ्या दिवशी ती मेणबत्ती लावायला निघाली, तेव्हा मी आडवा आलो.

"गो बाय, काम झाल्याशिवाय दिवचां नाय. कोणाकच नाय."

ती म्हणाली, "आधीच देवन टाकतंय. मगे त्याका ना म्हणूक तोंड रवाचां नाय."

मी भाव करायला तिच्याकडूनच शिकलो होतो, तरी हा डाव मला सुचला नसता. वाकू नये म्हणून बांबूला बांधलेली ती पुरुषभर उंच मेणबत्ती सबंध जळली. नंतर विजयदुर्गच्या बाजूला मचव्याच्या फळ्या सापडल्या. माणूस एकही नाही.

मारीबाय रडली, ते सगळ्यांसारखंच. पण महिन्याचा मीस, म्हणजे मेलेल्यासाठी इगर्जीत होते ती प्रार्थना, झाल्यावर लगेच तिने एक गोष्ट केली, ती आमच्या वाडीत कुणी कधी केली नव्हती. वाडीच्या तोंडाशी खुरीस आहे, चुन्याने रंगवलेला दगडी क्रूस. संध्याकाळी तिथे सगळी जमून तेर्स करतात, जपमाळेची प्रार्थना. एकाने पुढे उभं राहून प्रत्येक प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणायचा आणि बाकीच्यांनी दुसरा. आवाज चांगला म्हणून पुढे उभं राहायचं काम कित्येक वर्षं मारीबायकडे होतं. देवाला बाप म्हणून हाक मारायची जी प्रार्थना, तिच्या पहिल्या भागात शेवटी येतं की तुझ्या मनात असेल तसंच या पृथ्वीवर होऊ दे. त्या संध्याकाळी मारीबाय तिथवर आली आणि थांबली. आम्हाला वाटलं, हुंदका आला असेल. पण तिचे डोळे कोरडे होते. ओळ म्हणायला लागते तेवढा वेळ ती ओठ मिटून उभी राहिली, मग आमच्याकडे वळून मान हलवली... आता तुमचं म्हणा. आम्ही म्हटलं. पुढच्या वेळीही तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. पहिला भाग म्हणायचा तो पुढच्याने, त्यामुळे सगळ्या वाडीत ती ओळ कुणाच्याच तोंडून निघेना.

मी घरी येऊन तिला म्हटलं, "तुजो इश्वास उडालो तर जातस कित्याक? घरात बस. मी पण बसतंय. त्याने फसवल्यान आमका." खरं तर माझा विश्वास केव्हाच पातळ झाला होता. रविवारी इगर्जीत मी गिऱ्हाइकं भेटतात म्हणून जात होतो.

ती मीठ चोळत होती. म्हणाली, "इश्वास आसा काय नाय ता माका खंय म्हायत? कधी आसा, कधी नाय. ओहोटी-भरतीसारख्यां. पण मी अबोलो धरलंय तेच्याशी. अबोलो धरूक समोर बसाक लागता रे. दुसऱ्या गावात जावन कोण कोणाशी अबोलो धरता?"

वाडीत कुजबूज सुरू झाली. कुणी म्हणे, यंदा मासळी कमी लागली ती हिच्यामुळे. कुणीतरी जाऊन पाद्रीबाबच्या कानावर घातलं. आमची शेजारीण सखूआते हिंदू. तिला हे काही कळेना. ती म्हणायची, "आमी देवळात गाऱ्हाणां घालताव. देवाक तोंडार जाब इचारताव. तुमच्यात इचारूक गावणा नाय? मगे काय देव, काय मामलेदार?" मारीबाय त्यावर खूप हसली होती. जुझे गेल्यानंतर तिचं ते पहिलं हसू मला आठवतं.

मे महिन्यात खुरसाचं फेस्त असतं. माळा, पताका, उकडलेले चणे. त्या संध्याकाळी पाद्रीबाब स्वतः आले. गोव्याकडचे, कडक, पुस्तकी मराठी बोलणारे. सगळी वाडी जमलेली. तेर्स सुरू व्हायच्या आधी ते सर्वांसमोर म्हणाले, "बाई, आपण एक ओळ गाळता असं मला कळलं. ती म्हणायची असेल तर पुढे उभं राहावं. नसेल तर मागे जावं. ज्याचा विश्वास नाही त्याने पुढे उभं राहू नये."

मला वाटलं, झालं. एवढी एक जागा तिची उरली होती, तीही गेली. मी बाह्या सरसावून पुढे निघालो. मारीबायने माझ्याकडे न बघताच हात आडवा धरला.

"पाद्रीबाब," ती म्हणाली, "ती ओळ म्हणजे मी तेका सांगूचां, की तू केलंस तां बरां केलंस. तां माका वाटणा नाय. वाटणा नसताना म्हटलंय तर तां खोटां. तुमी सांगत असलात तर खुरसासमोर खोटां बोलतंय. पण तां पाप तुमच्या नावार."

"म्हणजे विश्वास नाही."

"इश्वास नसतो तर खोटां बोलूक भियालंय असतंय काय?"

पताकांचा फडफड आवाज तेवढा येत होता. पाद्रीबाब खुरसाच्या पायरीवर बसले, रुमालाने कपाळ पुसलं. मारीबायने कुणाची वाट पाहिली नाही. सुरुवात केली. त्या ओळीशी आली, ओठ मिटले, थांबली. आणि दुसरा अर्धा भाग पायरीवरून पहिल्यांदा ज्यांनी म्हटला, ते पाद्रीबाब होते. भसाडा आवाज, सूर चुकलेला. मग सगळी वाडी त्यांच्यामागून अशी म्हणाली, की सखूआते आपल्या अंगणात बाहेर आली.

त्या दिवसानंतर तिची जागा कुणी मागितली नाही. उलट एक नवीनच गोष्ट घडू लागली. कुणाचं मूल दगावलं, कुणाचा नवरा मुंबईला जाऊन परतला नाही, कुणाचं जाळं वाहून गेलं, की ती बाई इगर्जीत जायच्या आधी मारीबायच्या ओट्यावर येऊन बसे. मी एकीला विचारलं, हिच्याकडे कशाला, हिचं तर देवाशी वाकडं. ती म्हणाली, "तिच्याफुडे देवाक शिवी दिली तरी चलता, इनास. आणि मगे उठान तीच आमका तेर्साक व्हरता." किती जणी त्या ओट्यावरून उठून पुन्हा प्रार्थनेला गेल्या याची मोजदाद मी केली नाही. पण वाडी मोडली नाही, हे मी पाहिलं. धड विश्वास असलेल्यांनी जे केलं नसतं, ते या अबोला धरलेल्या बाईने केलं.

मग माझ्यावर वेळ आली. माझा थोरला, पेद्रू, तापाने निपचित पडला. डॉक्टरांनी मान हलवली. मी, ज्याने देवाला लबाड ठरवला होता, तो गुपचूप दोरा घेऊन पोराच्या खाटेशी गेलो. मारीबाय तिथेच त्याच्या कपाळावर पट्टी ठेवत होती. माझ्या हातातला दोरा बघून मला तोंड लपवावंसं वाटलं. तिने पट्टी बाजूला ठेवली आणि दोऱ्याचं एक टोक माझ्या हातातून घेतलं.

"तू पायाकडे धर," ती म्हणाली. "मी डोक्याकडे धरतंय."

पेद्रू वाचला. मेणबत्ती मी काम झाल्यावर लावली, माझ्या रीतीप्रमाणे. आणि त्याच दिवशी माझं डोकं भडकलं. तिच्या घरी जाऊन मी ओरडलो, "माका दिल्यान! मी चोर, भांडकुदळ, काम झाल्यावर देणारो, माका दिल्यान. आणि तू आधी देवनय तुका नाय. हो कसलो न्याय?"

ती उठली. पेद्रूला माझ्या कडेवरून घेतला, आणि तो जडशीळ पोर दोन्ही हातांनी त्या ठेंगण्या दाराखाली उंच धरला, त्याचं डोकं जुझेच्या डागाला टेकेपर्यंत. "बग," ती हसत म्हणाली, "हो पण आपटतलो एक दिवस!" तिच्या चेहऱ्यावर हेवा शोधायचा मी प्रयत्न केला. खरंच सांगतो, डोळे फाडून शोधला. नव्हता. देव हरला असेल तर त्या क्षणी हरला, असं मला तेव्हा वाटलं. आज वाटतं, जिंकला असेल तर तोही तेव्हाच.

तिने ती ओळ शेवटपर्यंत म्हटली नाही. आजारपणात पाद्रीबाब रोज येत. आता म्हातारे झाले होते. तिचं पापनिवेदन ऐकून बाहेर आले की ओट्यावर बसून माझ्याकडे तंबाखू मागत. त्यांनी तिला ती ओळ म्हणायला एकदाही सांगितलं नाही, हे मला तिनेच सांगितलं.

तिला पुरलं तेव्हा सगळी वाडी होती, सखूआते होती, आसपासच्या गावांतले लोक होते. आता इगर्जीतल्या प्रार्थना लॅटिनमधून आपल्या बोलीत आल्या आहेत. पाद्रीबाबनी कबरीशी उभं राहून तीच प्रार्थना सुरू केली. त्या ओळीशी आले... आणि थांबले. ओठ मिटून, ओळीला लागतो तेवढा वेळ. कुणी खोकलं नाही. पलीकडे समुद्राचा आवाज येत होता. मग त्यांनी आमच्याकडे वळून मान हलवली, अगदी तिच्यासारखी, आणि आम्ही आमचा भाग म्हटला. मी आजवर कुणाच्या मयताला एवढ्या मोठ्याने प्रार्थना म्हटलेली ऐकली नाही. माझाही आवाज त्यात होता.

तिच्या घराला यंदा चुना काढला. वरच्या लाकडाला हात लावायचा नाही, असं मी गवंड्याला बजावलं. पेद्रू आता उंच झाला आहे. परवा आत जाताना त्याचं डोकं बरोब्बर तिथे आपटलं आणि त्याने लाकडाला शिवी दिली. मी त्याला रागावलो नाही.

खुरसाकडे आता पुढे उभी राहते ती एक तरुण मुलगी. मारीबायला तिने नीट पाहिलंही नसेल. तीही त्या ओळीशी थांबते. वाडीची रीतच झाली ती. मी रोज जातो. पूर्वी गिऱ्हाइकांसाठी जात होतो, आता त्या थांबण्यासाठी जातो. सगळी वाडी ओठ मिटून उभी असते, आणि तेवढ्या वेळात मी मान वर करून त्याच्याकडे बघतो. सखूआतेच्या देवळातलं गाऱ्हाणं मला येत नाही, म्हणून साध्या शब्दांत विचारतो. माझ्या बहिणीने तुला पुरुषभर उंच मेणबत्ती दिली. आगाऊ दिली. तू ती घेतलीस. नंतर तिने तुझं घर, तुझी वाडी, तुझी माणसं सांभाळली, आणि तुझ्याशी एकदाही खोटं बोलली नाही. आता ती तुझ्याकडेच आली आहे. जुझे कुठे आहे ते तिला सांग. तोंडावर सांग. मी थांबलो आहे.