मिचूची दोन कॉलेजं

आमच्या गल्लीत सगळे त्याला डॉक्टर म्हणायचे. तो डॉक्टर नव्हता. माझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाला लागून त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, मधे फक्त एक लाकडी फळी. पण पांढरा कोट घालून, हातात लहानशी बॅटरी घेऊन "वर बघा, आता खाली बघा" म्हणणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? सुरुवातीला तो दुरुस्त करायचा म्हणे, "अहो, मी डॉक्टर नाही." मग बहुतेक कंटाळला. मी शेजारी आलो तेव्हा तो त्या हाकेला बिनदिक्कत ओ देत होता.

त्याची मुलगी मिचू. हे काही खरं नाव नव्हे. लहानपणापासून ती कुठेही बघताना डोळे बारीक करायची, म्हणून मिचमिची, आणि मिचमिचीची मिचू झाली. चष्मेवाल्याच्या मुलीने डोळे बारीक करत फिरावं यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. चष्मा तर तिला नवव्या वर्षापासून होता, बापाने स्वतः डोळे तपासून, स्वतः काच घासून दिलेला. तरी तिचं डोकं दुखायचं. त्यावर प्रत्येकाचं आपापलं निदान होतं. आईचं म्हणणं, ही जेवत नाही. बापाचं म्हणणं, ही फार वाचते. माझं म्हणणं मी बोलून दाखवलं नाही, पण मला वाटायचं की पोरीचा स्वभावच जरा डोकं दुखणारा आहे.

बारावी झाल्यावर तिने डोळे तपासण्याचं शिक्षण घ्यायचं ठरवलं, आणि तिला दोन कॉलेजांत जागा मिळाली. इथून घोळ सुरू झाला.

एक कॉलेज नवं, गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर, सगळी इमारत काचेची. दुसरं जुनं, डोळ्यांच्या धर्मादाय दवाखान्याच्या मागच्या अंगाला. डॉक्टरने नवं कॉलेज न बघताच पसंत केलं होतं. त्यांचं माहितीपत्रक त्याने काउंटरच्या काचेखाली सरकवलं आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं मत घ्यायला सुरुवात केली. पण त्याने वेळ निवडली ती गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची फ्रेम असताना. "पहिलं बरं की दुसरं?" तो विचारायचा. बिचारं गिऱ्हाईक भिंगाबद्दल विचारतोय असं समजून म्हणायचं, "पहिलं जरा स्पष्ट आहे." डॉक्टर फळीवरून माझ्याकडे बघायचा. "ऐकलंस? सतरा जण नव्याच्या बाजूने."

"अरे, निदान बघून तरी या," मिचूची आई म्हणाली. डॉक्टरला दुकान सोडवेना. म्हणून मी माझं बंद केलं आणि काका म्हणून मिचूबरोबर गेलो.

नव्या कॉलेजात टाय लावलेल्या एका गृहस्थाने आम्हाला फिरवलं. भोपळ्याएवढा प्लॅस्टिकचा डोळा होता, त्याचे आठ तुकडे होऊन पुन्हा जुळायचे. एका खोलीत ओळीने बारा यंत्रं उभी होती, सगळ्यांवर कारखान्यातून आलेली पारदर्शक पिशवी तशीच.

"वापरत नाही का?" मिचूने विचारलं.

"वापरतो ना. धूळ बसू नये म्हणून."

"आणि पेशंट?"

"तिसऱ्या वर्षी येतात."

"कुठून?"

"येतात," गृहस्थ म्हणाले आणि आम्हाला व्यायामशाळा दाखवायला घेऊन गेले. तोपर्यंत मुलं एकमेकांचे डोळे तपासतात, असं कळलं. पंचवीस मुलं, पन्नास डोळे, त्यांतले बहुतेक धडधाकट.

दुसऱ्या दिवशी जुन्या कॉलेजात गेलो. तिथे फिरवायला कुणीच नव्हतं. लांबलचक व्हरांडा, दोन्हीकडे बाकं, बाकांवर डोळ्यांत औषध घालून मान मागे टाकलेली माणसं. एका कर्मचाऱ्याने आमच्या हातात बिल्ला दिला. मी सांगितलं, "आम्ही पेशंट नाही, कॉलेज बघायला आलोय." तो म्हणाला, "मग सत्तेचाळीस नंबरनंतर."

अडीच तासांनी कॉलेजच्या मोठ्या बाईंनी आत बोलावलं. मोठ्या म्हणजे हुद्द्याने. अंगाने त्या खुर्चीत मावून उरल्या होत्या, आणि त्यांच्या कोटाच्या दोन्ही खिशांना बॅटऱ्यांच्या वजनाने पोक आला होता. त्यांनी मिचूचे मार्क विचारले नाहीत. "जिला लोकांना या खुर्चीत बसवायचंय तिने आधी स्वतः बसावं," म्हणाल्या आणि तिचा चष्मा काढून घेतला.

समोर अक्षरांचा तक्ता होता. मिचू चौथ्या ओळीवर अडकली. मला आश्चर्य वाटलं, कारण दुकानात ती शेवटची ओळ घडाघडा म्हणायची. मग तिच्या आणि माझ्या एकदमच लक्षात आलं. दुकानातला तक्ता तिला पाठ होता. अक्षरओळख झाली तीच त्या तक्त्यावर. नऊ वर्षं ती बापाला वाचून नव्हे, पाठांतर म्हणून दाखवत होती, आणि ते तिला स्वतःलाही माहीत नव्हतं.

बाईंनी तिच्या डोळ्यांत उजेडाची रेघ फिरवली, फ्रेममध्ये भिंगं घातली, मग त्यांतलं एक बोटाने हळूहळू गोल फिरवलं. मिचू एकदम ताठ बसली.

"काका," ती म्हणाली, "त्या घड्याळाला मिनिटांच्या रेषा आहेत!"

होत्या. सगळ्याच घड्याळांना असतात. ही पोर माझ्या दुकानात वाढली, आणि मला तिचा रागच यायचा की घड्याळ बघून ही कधी नेमकी वेळ सांगत नाही.

बाईंनी चष्मा नंबर मोजायच्या यंत्राखाली धरला. "नंबर ठीक आहे, पण तिरक्या नंबराचा कोन उलटा आहे. एकशे साठ अंशांवर हवा होता, वीसवर बसवलाय. दोन्ही डोळ्यांत. कुणी दिला हा चष्मा?"

मी खोकलो. मिचूने माझ्याकडे बघितलंही नाही. "एका दुकानदाराने," ती म्हणाली.

"पाठवा त्याला माझ्याकडे," असं म्हणून बाईंनी बरोबर मापाची चिठ्ठी लिहिली.

परतीच्या वाटेवर मिचूने मला शपथ घातली. घरी तिने एवढंच सांगितलं की दोन्ही कॉलेजं चांगली आहेत. डॉक्टर खूश झाला. चिठ्ठी तिच्या पर्समध्ये, जुना चष्मा नाकावर, आणि आता तर डोकं जास्तच दुखायचं, कारण काय दिसू शकतं ते तिने एकदा बघितलं होतं. सहाव्या दिवशी, बाप जेवायला गेला असताना, ती दुकानाच्या मागच्या खोलीत गेली. काच घासायचं यंत्र घरघरल्याचा आवाज मी फळीपलीकडून ऐकला. हे काम तिला बापानेच शिकवलं होतं. तासाभरात तिने स्वतःच्या फ्रेममध्ये नव्या काचा बसवल्या.

डॉक्टर परत आला आणि दारातच थबकला. काहीतरी बदललंय हे त्याला कळलं, काय ते कळेना. मला कळलं होतं. पोरगी डोळे बारीक न करता त्याच्याकडे बघत होती.

"काढ तो चष्मा," तो म्हणाला. यंत्राखाली धरला. "एकशे साठ? कोन चुकलाय. कुणी केलं हे?"

"मी केलं, बाबा."

"चुकलंय."

"नाही चुकलेलं."

पुढचं मी फळीवरून सरळ सरळ बघितलं, उगाच खोटं कशाला सांगू. डॉक्टरने कपाट उघडलं. गिऱ्हाइकांची कार्डं तो सालवार लावून ठेवायचा. खूप खालच्या खणातून त्याने मिचूचं नवव्या वर्षीचं कार्ड काढलं, आणि ते वाचून स्टुलावर बसला. त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, उजवा एकशे साठ, डावा एकशे साठ. माप बरोबर होतं. काच बसवताना ती उलट्या अंगाने धरली गेली होती, बस्स. आणि नंतर दर वर्षी त्याने जुन्या काचेवरूनच नवी काच केली. नंबर वाढला तसा वाढवला, कोन तोच ठेवला. कार्ड एकदाही काढलं नाही.

"घरच्या माणसाचं कार्ड कोण काढतं?" तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला.

चौथ्या दिवशी दुकानाबाहेर पाटी लागली, जुने चष्मे फुकट साफ करून मिळतील. गल्लीला वाटलं, डॉक्टरला उपरती झाली. मला खरं कारण माहीत होतं. तो चष्मा पुसायच्या आधी यंत्राखाली धरायचा आणि कार्डाशी ताडून बघायचा. दहा-बारा दिवसांत त्याने तीनशेच्या वर चष्मे तपासले. एकही चुकलेला निघाला नाही. गवंड्याचा, शिक्षिकेचा, त्याच्याशी वर्षभर अबोला धरलेल्या वाण्याचाही, सगळ्यांचे कोन कार्डाबरहुकूम. माणूस अशा वेळी सुटकेचा श्वास टाकतो. डॉक्टर आणखी खचला.

"एखादा तरी चुकायला हवा होता रे," तो मला म्हणाला. "म्हणजे निदान मी अडाणी ठरलो असतो."

प्रवेशाला दोन दिवस उरले होते. मिचूने बाईंची चिठ्ठी आणि "त्या दुकानदाराला पाठवा" हा निरोप सांगून टाकला, आणि म्हणाली, मी जुन्या कॉलेजात जाणार. डॉक्टरने मान डोलावली. मग कार्ड आणि मुलीचा जुना चष्मा खिशात घालून, मला बरोबर घेऊन, तो स्वतः मोठ्या बाईंसमोर उभा राहिला. या वेळी आमचा बिल्ला एकसष्ट नंबरचा होता. एवढा वेळ बसून त्याने मनात भाषण तयार केलं असावं, पण बाईंपुढे एवढंच बोलला, "तो दुकानदार मी. ती माझी मुलगी."

बाईंनी कार्ड बघितलं. "नऊ वर्षांच्या मुलीचं माप तुम्ही घेतलं? कशाने?"

त्याने सांगितलं. दुकान आखूड, म्हणून तक्ता आरशातून दाखवतो, बाकी हातातलं साधं यंत्र आणि भिंगांची पेटी.

"आरशातून," बाई म्हणाल्या. त्यांनी कार्ड पुन्हा वाचलं. "माझ्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना असं जमत नाही. आणि काच घासता पण तुम्हीच?"

"घासतो. उलटी बसवतो."

"ते मुलांना सांगा. दर शनिवारी या. काच घासणं, बसवणं शिकवायला मला दोन वर्षं माणूस मिळत नाहीये."

डॉक्टर घरी आला तो आठ-दहा वर्षांनी लहान होऊन. बायकोला सांगितलं, मला सांगितलं (मी तिथेच होतो तरी), आणि मग मिचूला सांगितलं. मिचूने सगळं ऐकून घेतलं.

"मग मी नव्या कॉलेजात जाते," ती म्हणाली.

"का?"

"घरी बाबा, दुकानात बाबा. आता वर्गातही बाबाच?"

"माझ्यापायी चांगलं कॉलेज सोडतेस?"

"नवं चांगलं असं तुम्हीच म्हणत होतात. सतरा जण होते ना तुमच्या बाजूने?"

आईला हसू आवरेना, म्हणून ती उठून आत गेली. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिला, जसा काही मीच अठरावा होतो. दुसऱ्या दिवशी मिचूने काचेच्या इमारतीत नाव घातलं. दोन वर्षं ती भोपळ्याएवढा डोळा सोडवत आणि जुळवत राहिली, आणि वर्गातल्या त्याच चोवीस जणांचे डोळे तिने इतक्यांदा तपासले की कुणाचा नंबर किती हे ती झोपेतही सांगू शकली असती.

तिसऱ्या वर्षी पेशंट यायचे होते. ते आले नाहीत. त्याऐवजी कॉलेजने बस ठरवली आणि मुलांनाच पेशंट असतील तिथे पाठवलं. तशी जागा आसपास एकच होती. शनिवारी सकाळी मिचू त्या लांबलचक व्हरांड्यातून चालत गेली, काच बसवण्याच्या खोलीत शिरली, आणि फळ्यासमोर पांढऱ्या कोटातला तिचा बाप उभा होता. त्याने सगळ्यांची हजेरी घेतली. तिच्या नावाशी आल्यावर जरा थांबला आणि अगदी सरकारी आवाजात म्हणाला, "उशिरा आलात."

"हो, सर," मिचू म्हणाली, आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली.