कोरी काच

भंडाऱ्याच्या आमच्या प्रयोगशाळेतले अटेंडंट कमी बोलतात. कुणी एखाद्या यंत्राची तारीफ केली, की त्यांचं ठरलेलं वाक्य येतं, "पाहू तं द्या आधी."

आम्हाला कॉन्फोकल मायक्रोस्कोप घ्यायचा होता, पेशी न कापता त्यांचे आतले थर दाखवणारा. निवड माझ्याकडे होती. एका कंपनीचा माणूस यंत्र घेऊन आला. जवळच्या दिघोरी गावच्या धानाच्या मुळाची स्लाइड अटेंडंटनी स्वतः तयार केली होती. त्यांनी काच यंत्रात ठेवली, दिवे मालवले, आणि पडद्यावर हिरव्यागार पेशी उजळल्या.

"हे आपलंच मूळ! पाहताच ओळखलं," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "हेच यंत्र घेऊ."

"जराक थांबा, सर." अटेंडंटनी खिशातून स्लाइड काढून माझ्यापुढे धरली. "मूळ तं इथं हाये. यंत्रात मी कोरी काच ठेवली."

कंपनीचा माणूस पांढराफटक पडला. त्यानं आधीच साठवलेलं चित्र लावलं होतं.

"काहून केलं जी असं?" मी अटेंडंटना विचारलं.

त्यांनी मान खाली घातली. "मी त्याले तपासून राहिलो होतो, सर. तुम्हाले नाही."