महादेवप्पांचा बदली खांदा

मंजुश्री स्वामी फिजिओथेरपिस्ट झाली तेव्हा मुखेडला तिच्या आईनं गल्लीभर पेढे वाटले, आणि लेक नेमकी कशाची डॉक्टर झाली असं कुणी विचारलं की "हाडाची" म्हणून आई मोकळी होई. लातुरात औसा रोडला दवाखाना थाटून आठ महिने झाले, तरी लोकांना त्यापेक्षा जास्त काही कळलं नव्हतं. पेशंट आत आला की आधी बाही वर करी. सुई नाही म्हटलं की त्याचं तोंड उतरे. गोळीही नाही म्हटलं की उठून उभा राही. "मंग याला दवाखाना कशाला म्हणायलाव?"

घरमालकीण शरणम्मा एकदा तिला म्हशीचा पाय बघायला घेऊन गेल्या. मंजुश्रीनं नको नको म्हणत गरम पाण्याचा शेक सांगितला. तीन दिवसांत म्हैस चालू लागली आणि डॉक्टरीणबाईंच्या हाताला गुण आहे, असं आसपास पसरलं. जे काही नाव झालं, ते म्हशीनं केलं.

महादेवप्पा त्या नावावरच आले. गंजगोलाईत त्यांचं तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान. उजवा खांदा असा आखडला होता की हात छातीच्या वर जाईना. मंजुश्रीनं तपासलं आणि सांगितलं, "काका, औषधापेक्षा व्यायामानं सुटंल हे. रोज करावा लागंल. दीडेक महिना."

"करू की. त्यात काय," महादेवप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात रामकिशन उभा. पन्नाशी उलटलेला, दुकानातला तीस वर्षांचा गडी. "आप्पांनी पाठवलंय. व्यायामाला."

शिकून जाऊन मालकाला शिकवणार असेल, असं मंजुश्रीला वाटलं. शिकायची एवढी तळमळ तिनं कॉलेजातही पाहिली नव्हती. भिंतीवरून बोटं चालवत हात वर न्यायचा, कप्पीवरची दोरी ओढायची, सगळं रामकिशननं मन लावून केलं. पंधरा दिवस एक खाडा नाही.

सोळाव्या दिवशी महादेवप्पा स्वतः आले, रामकिशनला मागं घेऊन. कपाळावर भस्माचे पट्टे आणि त्याखाली आठ्या.

"पंधरा दिवस झाले, म्याडम. सुताएवढा फरक न्हाई."

"रोज करताव ना पण?"

"मी कशाला? ह्यो करायलाय की."

मंजुश्रीनं आधी रामकिशनकडं पाहिलं, मग महादेवप्पांकडं. महादेवप्पांना मात्र यात वावगं काही दिसत नव्हतं. पावण्यांच्या लग्नाला रामकिशन जायचा, मयतीला रामकिशन जायचा, मतदानाची रांगही आधी तोच धरून ठेवायचा. "सोमवार बी ह्योच धरतो माझा," त्यांनी समजावून सांगितलं. "मला उपाशी राहवत न्हाई. देवानं आजवर तक्रार केली न्हाई."

"देवाचं चालत आसंल, काका. खांद्याला बदली माणूस चालत न्हाई."

तेवढ्यात मागून रामकिशन हळूच बोलला, "माझी मान लई मोकळी झाली, म्याडम. धा वर्सं दुखायली व्हती."

महादेवप्पांनी त्याच्याकडं असं पाहिलं, जणू त्यानं मालकाचं पान उष्टं केलं.

समजावून उपयोग नाही, हे मंजुश्रीच्या ध्यानात आलं. तिनं लेटरहेड ओढलं आणि आयुष्यातलं पहिलं खोटं प्रिस्क्रिप्शन लिहिलं. रामकिशनला व्यायाम जास्त झाला आहे; महिनाभर कामाला हात लावायचा नाही, पूर्ण विश्रांती. खाली सही केली आणि शिक्का जरा जोरातच मारला. कागदावर शिक्का असला की महादेवप्पा वाद घालत नसत.

रामकिशन मुरुडला लेकीकडं गेला. दुकानात आता कप्पे होते, गिऱ्हाईक होतं आणि महादेवप्पा होते. पोरगा पुण्यात कंपनीत. नवा गडी ठेवला, त्याला खण आणि परकर एकच वाटत होते. चौथ्या दिवशी तो काम सोडून गेला. मंजुश्रीनं दुकानात जाऊन खालून तिसऱ्या कप्प्यापर्यंतच हात न्यायचा, दुखलं की थांबायचं, असं बजावलं. दर आठवड्याला एक कप्पा वर. महादेवप्पा कण्हत, पुटपुटत कापड काढू लागले. बायकांना तर वरचंच पाहिजे असतं. "ते न्हवं आप्पा, त्याच्या वरचं," असं दिवसातून वीसदा ऐकावं लागे. महिना संपता संपता हात डोक्याच्या वर गेला.

रामकिशन परतला तो गालावर मांस घेऊन. पण महादेवप्पा त्याला वरच्या कप्प्याला हात लावू देईनात. गिऱ्हाइकाला दोनच लुगडी पाहिजे असली तरी दहा खाली काढत.

गंजगोलाईत त्यांनी सांगितलं ते असं: खांदा आपोआप बरा झाला, घराण्याची हाडंच टणक, बाईंनी बरं केलं ते रामकिशनला. मान आखडलेल्या तिघांना त्यांनी औसा रोडला पाठवलं.

दवाखान्याच्या पडद्याला कापड घ्यायला मंजुश्री गेली तेव्हा महादेवप्पांनी स्वतः सगळ्यात वरचा तागा ओढला. तिनं काहीतरी म्हणावं म्हणून जरा थांबले.

"निळ्यात दाखवा की, काका," मंजुश्री म्हणाली.