दाराकडे वळलेली मान

मी जिला हात लावला नव्हता, ती बाहुली मान वळवत होती. श्रावणातली संध्याकाळ होती आणि धुकं इतकं खाली उतरलं होतं की मागच्या खोलीच्या खिडकीतून लोणावळा यार्डातले दिवेसुद्धा दिसत नव्हते. मी आठवडाभराचं काम कॉम्प्युटरवर सलग लावून बघत होते. पडद्यावर ती बाहुली, म्हणजे माझी आई, खुर्चीत बसली होती आणि बारीक बारीक झटके देत दाराकडे वळत होती. मी उठून मोठा दिवा लावला. घाबरले होते, खोटं कशाला सांगू.

माझं काम काय ते आधी सांगायला हवं, कारण आमच्या नातेवाइकांनाही ते अजून नीटसं कळलेलं नाही. मी तारेच्या सांगाड्यावर कापूस आणि कापड चढवून बाहुल्या करते. बाहुली टेबलावर ठेवायची, केसभर हलवायची, फोटो काढायचा. पुन्हा केसभर हलवायची, पुन्हा फोटो. दिवसभर खपलं की पडद्यावर ती एखाद-दोन सेकंद जिवंत होते. ‘म्हणजे कार्टून का?’ असं लग्नकार्यात कुणी विचारलं की मी ‘हो’ म्हणते आणि जिलबी वाढून घेते. पोटासाठी चिक्कीवाल्यांच्या जाहिराती करते, शेंगदाण्यांना फेर धरायला लावते. उरलेल्या वेळात स्वतःच्या फिल्म. त्यांत घागरीतून जिना निघतो, भाकऱ्या तव्यावरून उडून आढ्याला चिकटतात, एका माणसाच्या खिशातून अख्खा बोगदा बाहेर पडतो.

“आसं कुटं आस्तंय व्हय?” असं माझे वडील, म्हणजे आबा, प्रत्येक वेळी विचारायचे. आबांची सगळी नोकरी रेल्वेच्या रुळांवर गेली. रूळ जिथे असतो तिथेच असतो, यावर त्यांचा विश्वास.

ही फिल्म मात्र आईची होती. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. तिचं हृदय थकलेलं होतं आणि डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं होतं. मी तेव्हा पुण्यात राहायचे. ती गेली त्या रविवारी मी लोणावळ्याला यायला निघाले आणि सोमाटणे फाट्यावर अडकले. पुढे धबधबे बघायला निघालेल्या गाड्यांची न संपणारी रांग. शेजारच्या गाडीच्या टपावर पोरं नाचत होती, त्यांच्या गाण्याचा ठेका माझ्या बसच्या खिडकीत वाजत होता. अजूनही ते गाणं कुठे लागलं की मी तिथून उठते. मी घरी पोचले तेव्हा आई गेलेली होती.

“झोपंत गेली,” आबा म्हणाले. तेवढंच. नंतर मी किती वेळा विचारलं, ती शेवटी काही बोलली का, माझी आठवण काढली का? “सांगितलं की,” म्हणून ते चपला घालून बाहेर पडायचे. मला दुसरं काही नको होतं. त्या दुपारी या घरात काय झालं एवढंच हवं होतं, आणि ते एकाच माणसाला ठाऊक होतं.

माणूस बोलेना म्हणून मी बाहुली केली. आईच्या रोजच्या, विटलेल्या साडीचा तुकडा तिला नेसवला. केसांचं अडत होतं. खिडकीच्या चौकटीमागच्या फटीत आईने विंचरून गुंडाळून ठेवलेलं गुंतवळ सापडलं. सुया-पोत विकणारी बाई आली की आई ते तिला द्यायची. शेवटचं तसंच राहून गेलं होतं. त्याचा मी बाहुलीला अंबाडा घातला. शेजारच्या मावशींनी तो बघितला आणि त्या दारातच थबकल्या.

“गेलेल्या मान्साचं क्यास घरात ठिवू न्हाई, बाय.”

“आपल्यात आसलं काई न्हाई,” आतून आबा म्हणाले.

खरंच नव्हतं. आमच्या गावी, वराळ्याला, आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव, अंगारे-धुपारे, भुतंखेतं सगळं एकदमच बाहेर काढलं. आई गेल्यावरही कावळा नाही, पिंड नाही. भन्तेजी आले, वंदना झाली, लोक जेवून गेले. आमच्या घरात भुताला राहायला जागाच ठेवलेली नव्हती. म्हणून तर मी जास्त हादरले.

त्या दृश्यात बाहुलीला काही काम नव्हतं. ती भिंतीकडे तोंड करून शांत बसलेली, आणि दारातून धुकं पाहुण्यासारखं आत येऊन तिच्यासमोर बसतं. धुकं म्हणजे गादीवाल्याकडून आणलेला पिंजलेला कापूस. माझं सगळं लक्ष त्या कापसावर, आई आपली बसलेली. त्यामुळे तिची मान हलतेय हे मला रोजच्या रोज दिसलं नाही. सगळं सलग लावलं तेव्हा दिसलं.

आधी मी मालगाड्यांना शिव्या घातल्या. घाट चढून आलेली मालगाडी गेली की आमच्या मांडणीवरचे पेले किणकिणतात. मग दमट हवेला, मग मानेतल्या तारेला. पण गाड्यांनी मान कधी इकडे, कधी तिकडे गेली असती. ही एकाच बाजूला जात होती. आणि प्रत्येक झटका मी दुपारी जेवून आल्यानंतरच्या पहिल्या फोटोत होता. शेवटी शेवटी आईची मान अशीच वळायची, अडखळत. ते मी बाहुलीला शिकवलं नव्हतं.

आणि मग मला आनंद झाला. हसायचं तर हसा. शिकलेली बाई, आबांची लेक, आणि मला वाटलं, आई आलीय. जे आबा सांगत नाहीत ते ती स्वतः सांगायला आलीय.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ताट वाढून स्वयंपाकघरात ठेवलं, नळ सोडला, भांडी वाजवली आणि हळूच येऊन सेटमागच्या काळ्या पडद्याआड बसले. आईची वाट बघत. पाय अवघडले, मुंग्या आल्या, पण मी हलले नाही. दार उघडलं आणि आबा आत आले.

सेटला कुणी हात लावायचा नाही, हा माझा घरातला एकमेव कायदा होता. आबांनी आधी आईच्या पदरावरचा कापूस बोटाने झटकला. मग आयुष्यभर पहार धरलेल्या त्या जाड बोटांनी त्यांनी तिची मान धरली आणि केसभर दाराकडे वळवली. मला संताप आला. पण त्याआधी निराशा झाली. ती आली नव्हती.

“काय करताय, आबा?” मी पडद्याआडून बाहेर आले.

ते दचकले नाहीत. हातही काढला नाही. “तू हिला भिताडाकडं त्वांड करून बशिवलीय. ती भिताडाकडं बगत न्हवती.”

“मग कुठे बघत होती?”

“दाराकडं.” मग हात काढून घेत म्हणाले, “एकदम फिरवली आस्ती तर तुज्या ध्यानात आलं आस्तं. म्हनून रोज उलिशी.”

“मग मला सांगायचं ना!” मी ओरडलेच. “वर्षभर विचारतेय मी!”

आबा माझ्या स्टुलावर बसले. माझ्याकडे न बघता, बाहुलीकडे बघून बोलायला लागले.

“सकाळधरनं एकच. पोरगी आली का, पोरगी आली का. तुजा फोन आल्ता, फाट्यावर हाय म्हनून. म्हनलं, येतीय. लय वेळ झाला. मान ठरत न्हवती तिची, तरी दाराकडंच. शेवटी मला म्हनती, ‘आली का गं?’ मला ‘गं’ म्हनाली. मान्सं वळकत न्हवती तिला. मी म्हनालो, व्हय, आली. पाय धुतीय.”

मी त्यांच्यासमोर फरशीवर बसले.

“पाय धुतीय म्हनालो. आन् न्हानीत जाऊन बादली वाजवली, पानी वतलं. तिला आयकू जावं म्हनून. परत आलो तवा तिनं मान टेकली व्हती.”

आबा रोज सकाळी पंचशील म्हणतात. खोटं बोलणार नाही, हे त्यातलं चौथं. विम्याचा एजंट आला आणि ‘घरात नाहीत म्हणून सांगते’ असं मी म्हटलं, तर मुद्दाम उठून दारात जाऊन उभा राहणारा हा माणूस. त्याने आईशी तिच्या शेवटच्या घटकेला खोटं बोलून, वर बादली वाजवली होती. आणि ते पोटात ठेवून वर्षभर माझ्यासमोर जेवला होता.

“मी खोटं बोल्लो तिच्याशी,” ते म्हणाले. “खरं सांगितलं आस्तं तर वाट बगत गेली आस्ती.”

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. लहान असतानाही कधी इतकी रडले नव्हते. आबांनी पाठीवर हात ठेवला, पण तोही जरा बिचकत, हात लावायची परवानगी आहे की नाही कळत नसल्यासारखा.

कापसाचं धुकं मी पिशवीत कोंबून माळ्यावर टाकलं आणि ते दृश्य पहिल्यापासून घेतलं. मान आबा वळवायचे, फोटो मी काढायचे. दारातून आत कोण येतं, हा प्रश्न होता. माझी बाहुली करायची मला हिंमत झाली नाही, आणि ते खरंही नसतं झालं. म्हणून दारातून कुणीच येत नाही, फक्त ओली पावलं येतात. आबा वाटीतल्या पाण्यात बोट बुडवून फरशीवर पाऊल काढायचे, मी फोटो घ्यायचे. दिव्यांच्या उष्णतेने ते लगेच वाळायचं, की आबांचं बोट पुन्हा वाटीत. मध्येच ते थांबले, फडक्याने सगळी पावलं पुसून टाकली.

“मोटी झाली. तुजा पाय येवढा न्हाई.”

पुन्हा पहिल्यापासून, बारीक बोटाने. पावलं न्हाणीच्या बाजूने आली, उंबरा ओलांडून आत आली, खुर्चीपाशी थांबली. आबांनी हात पुसला आणि ते उठून माझ्या जागी, कॅमेऱ्याच्या बटणापाशी गेले.

“आता तिची मान तू टेकव,” ते म्हणाले.

मी ती दोन्ही हातांनी धरली, हळूहळू खाली टेकवली. आबा फोटोसाठी थांबले होते. माझे हात निघेनात.