पुलाच्या पलीकडे उभा दादा

गेल्या महिन्यात एका सकाळी भाच्याचा फोन आला, "आत्या, बाबा गेले." मी आधी चपला शोधल्या, मग रडले... शहापूरहून माहेरी एकोडीला जाताना वैनगंगेचा पूल लागतो आणि माझ्या दादाची सगळी गोष्ट त्या पुलापाशीच अडकलेली आहे.

आमच्याकडे सासुरवाशिणीला दिवाळीला न्यायला भाऊ येतो. दादा कधी दारात आलाच नाही. चुलतभावाला पाठवायचा आणि स्वतः पुलाच्या पलीकडे चहाच्या टपरीपाशी उभा राहायचा. सासूबाई विचारायच्या, "तुहा सख्खा भाऊ काहून येत नाही वं?" मी खाली मान घालून पिशवी भरायची. बारा वर्षं! मी तोंडाची तिखट. एकदा टपरीवर सगळ्यांदेखत सुनावलं, "बहिणीचं घर तुले लहान वाटते का रे दादा?" त्यानं कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "बाई, बस पुलावर चढली का मले वाटते, आता मी मरतो. छाती धडधडते, श्वास पुरत नाही. लोकं हासतीन म्हणून घराबाहेर कोणाले सांगतलं नाही."

धानाच्या बांधीत साप निघाला तर शेपटी धरून फेकणारा हा माणूस! घरच्यांनी त्याला अंगारा लावला, मी घमेंडखोर ठरवलं, आणि तो बिचारा आजारी होता. मला माझीच लाज वाटली. साकोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा चिंतेचा आजार आहे, भित्रेपणा नाही. गोळ्या दिल्या आणि भीती वाटते तिथंच थोडं थोडं जायला सांगितलं. मग दर रविवारी मी पूल ओलांडून जायची आणि आम्ही दोघं पुलावर पायी चालायचो. पहिल्या दिवशी जेमतेम दहा पावलं. माझं मनगट असं आवळायचा की बांगड्या वाढायच्या. "पुढच्या रविवारी डझनभर घेऊन ये," मी चिडवायची, आणि तो घामाघूम होऊनही हसायचा. भीती पुरती कधीच गेली नाही, कितीदा तरी अर्ध्यातून परत फिरलो... पण एका दिवाळीला दारात हाक आली, "बाई, न्यायले आलो!" एकटा आला होता. सासूबाईंनी स्वतः पाट मांडला. त्यानंतर दरवर्षी तोच आला. परतताना पुलावर माझं मनगट मात्र धरायचाच.

परवा वहिनीला भेटायला निघाले. बस पुलावर चढली आणि माझा हात आपोआप शेजारच्या सीटकडे गेला. तिथं बसलेली अनोळखी बाई दचकली. "काय झालं बाई, भेव लागते का?"

"मले नाही वो," मी म्हटलं, "माह्या दादाले लागते."