पान कुणी फाडलं?

मी कंपनीच्या गेटवर पोचले तेव्हा प्रवीण बाहेर उभा होता. आमचा रिअ‍ॅक्टर ऑपरेटर, जवळच्या माकुणसार गावचा, कंत्राटावरचा. गेटपास काढून घेतलेला.

"मॅडम, मी पान नाय फाडलं. रजिस्टरला हातच नाय लावला!"

मला काही टोटल लागेना. तारापूर एमआयडीसीत लाईट ट्रिप होणं नवीन नाही. सकाळी तशीच गेली, परत आल्यावर डेटाबेस उठेना, म्हणून तो सांभाळणाऱ्या मला बोलावलं होतं. यात पान कुठून आलं?

आत प्लांट हेडसाहेब बॅच रजिस्टरची पानं तपासत बसले होते. "स्क्रीनवर स्वच्छ लिहिलंय, टॉर्न पेज. पान फाटलंय. ड्युटीवर तोच होता. उद्यापासून नको मला तो."

अहो, कप्पाळ माझं! हसावं की ओरडावं कळेना. मी ओरडले.

"साहेब, हे पान कागदाचं नाही!"

मग समजावलं. डेटाबेस माहिती पानापानाने ठेवतो. आमचं एक पान आठ केबीचं. डिस्क एका दमात चारच केबी लिहायची खात्री देते. म्हणजे पान दोन घासांत जातं. पहिला घास गेला आणि लाईट गेली, तर अर्धं पान नवं, अर्धं जुनं. त्यालाच टॉर्न म्हणतात. यावर इलाज असतो. डेटाबेस प्रत्येक पान आधी बाजूला उतरवतो, मग जागेवर लिहितो. फाटलंच तर बाजूची प्रत घ्यायची.

"मग घ्या की!"

"ती सोय तुम्हीच बंद करायला लावलीत. सिस्टम स्लो चालते म्हणून. मी नको नको म्हणत होते."

साहेबांनी रजिस्टर मिटलं. "ते नंतर बघू. आधी सिस्टम चालू करा, डिस्पॅच अडकलंय."

"आधी प्रवीणला आत घ्या."

"तुम्ही मला अटी घालताय?"

"हो."

मी खुर्ची मागे सरकवली आणि हाताची घडी घालून बसले. माझी नोकरी तरी कुठे कायम होती! पण माझ्या धंद्यातल्या एका शब्दापायी त्याच्या पोटावर पाय? मी नाही चालू देणार.

साहेबांनी चरफडत गेटला फोन लावला. "उसको अंदर छोड़ो."

प्रवीण आत येताना काचेतून दिसला, तेव्हाच मी कीबोर्ड ओढला. आदल्या रात्रीचा बॅकअप लावला, त्यानंतरच्या नोंदी लॉगमधून चढवल्या. डेटाबेस उठला. बंद केलेली सोयही चालू करून टाकली, कुणाला न विचारता.

सिस्टम पुन्हा थोडी स्लो झालीय. साहेब कुरकुरतात. एरर वाचून माणूस काढायचा असेल तर आधी मला विचारायचं, असं मी त्यांना तोंडावर सांगितलंय. ते अजून हो म्हणालेले नाहीत. न म्हणोत बापडे.