धुऱ्याकडच्या ओळी

माझ्यावर सर्वांत मोठे ऋण राधावहिनींचे, माझ्या थोरल्या भावाच्या पत्नीचे. वलगाव सोडून मी मुंबईला शिकायला निघालो तो कापसाच्या गाडीवर बसून. अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि आमच्या कापसाला सोन्याचे मोल आले होते. वहिनींनी ज्वारीच्या लाह्यांचे गाठोडे हातात दिले. म्हणाल्या, "भाऊजी, तुमी शिकाले चालले, अन् जीव चालला माह्या बरबटीचा!" मी खूप हसलो.

आमच्या वावरात कपाशी असली तरी धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधालगतच्या, काही ओळी बायांच्या असत. त्यांत मूग, बरबटी म्हणजे चवळी, तूर, थोडी ज्वारी. ते पीक पोरांच्या खाऊचे. अमरावतीच्या शाळेत जाताना माझ्या फडक्यात कधी शिजवलेले मूग असत, कधी मीठ घालून उकडलेल्या शेंगा, कधी लाह्या-गूळ. माझ्या मुंबईच्या खर्चासाठी त्या वर्षी दादांनी धुऱ्यापर्यंत कपाशी पेरली. वहिनींनी ओळी सोडल्या, त्या पुन्हा त्यांच्याकडे आल्या नाहीत.

मुंबईत बेकरीची नानकटाई चाखली, कॉलेजात टेबलावर जेवायला शिकलो. तरी प्रत्येक पत्राच्या शेवटी लिहीत असे, "लाह्या पाठवा." त्या येतही. ज्वारी आता विकत आणावी लागते, हे माझ्या मनातही आले नाही.

बी. ए. होऊन घरी गेलो. पुतण्या किसना शाळेला निघाला होता. दादांनी त्याला पानात बांधलेली बाजारची जिलबी दिली. ती त्याची रोजची शिदोरी. दात किडलेले, पोट सारखे दुखते, दुपारी वर्गात झोपतो.

मी वहिनींना विचारले, "याला घरचे काही का देत नाही?"

"काय देऊ? घरात कापूस हाये. चाऊन पायता काय?"

दादा हसले. "अवो, मालदाराचं पोरगं शाळेत मूग नेईन काय?"

"काका, मूग तं गरिबाचे पोट्टे आनतात," किसना म्हणाला.

मूग पिकवायच्या ओळी कोणासाठी गेल्या, हे मला ठाऊक होते. तोंडी बोलायचे धैर्य झाले नाही. तसाच मुंबईला परतलो.

माझ्यासारखे जे इकडे आले, त्यांना घर म्हटले की दार, अंगण आठवत असेल. मला त्या नसलेल्या ओळी आठवतात. वहिनींना वाचता येत नाही. पत्र किसना वाचतो आणि दादा ओसरीवर ऐकतात. हे ठाऊक असूनच मी लिहिले:

"ती. राधावहिनींस साष्टांग नमस्कार. किसना, मोठ्याने वाच.

दादा, धुऱ्याकडच्या ओळी माझ्या शिक्षणासाठी गेल्या. आता मला नोकरी आहे, माझ्यासाठी तिथे कपाशी नको. येत्या मृगात त्या ओळी वहिनींना परत द्या. तुमच्याकडे आजवर मागितले ते माझ्यासाठीच. हे पहिलेच मागणे दुसऱ्यासाठी आहे.

किसना, मूग पाहून कोणी हसले, तर सांग की काका हेच खाऊन शिकले.

वहिनी, त्या दिवशी गाडीवर मी हसायला नको होते. या वेळी लाह्या पाठवू नका. किसनाच्या फडक्यात बांधा."